चित्रातून पुसलेला ठिपका

१

आजोबा खाली कोसळले तेव्हा मावशीचे दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली होते. त्यांना सावरताना ती स्वतः फरशीवर आपटली, कोपर सोलवटून निघालं, पण तिने आजोबांना सोडलं नाही. तरीही खाटेच्या लोखंडी कडेवर त्यांचं डोकं आदळायचं ते आदळलंच. दुपारपर्यंत ते गेले. आणि आठवडा उलटायच्या आत रुग्णालयाने मावशीला जी नोटीस दिली, तिच्यात म्हटलं होतं की 'रुग्णाला उचलताना निष्काळजीपणे झोका दिल्यामुळे' हा मृत्यू ओढवला.

झोका! जन्मभर बस चालवून गुडघे आणि मग अर्धं अंग गमावून बसलेल्या माणसाला, त्याची रोज दाढी करून देणारी बाई झोका देईल? 

मावशी म्हणजे माझी कुणी नात्यातली नव्हे, आजोबाही नव्हेत; ती रुग्णालयातली आया, ते तिचे रुग्ण. त्या वॉर्डातले सगळेच तिला मावशी म्हणायचे. ज्यांना स्वतःहून उठता येत नाही अशा रुग्णांचा तो वॉर्ड. प्रत्येक खाटेजवळ भिंतीतून एक पोलादी हात बाहेर आलेला. हात म्हणजे चौकोनी पोकळ नळी, तिच्या टोकाला खालच्या बाजूने हुक. हुकाला जाड कापडाची झोळी अडकवायची, रुग्णाला तिच्यात घ्यायचं, मोटर चालू केली की माणूस अलगद वर जातो आणि चाकाच्या खुर्चीत बसतो. त्या सकाळी आजोबा वर गेले आणि हुकच निखळून आला.

मी कामगारांचे खटले चालवणारी वकील. मावशीच्या संघटनेने तिचं काम माझ्याकडे दिलं. चौकशी समितीपुढे उभं राहायचं, तर हात बनवणाऱ्या कंपनीने दिलेला तांत्रिक अहवाल समजून घ्यायला हवा होता. त्यातलं मला ओ की ठो कळेना. म्हणून मी तो उचलून थेट आत्याकडे गेले.

माझी आत्या इंजिनिअरिंगच्या मुलांना पोलादासारख्या पदार्थांची ताकद शिकवायची. निवृत्त झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तिने चहाचा कप बाजूला सारला आणि अहवालातलं रंगीत चित्र डोळ्यांजवळ नेलं. पोलादी हाताचं चित्र, कंप्युटरने रंगवलेलं. भिंतीकडे पिवळसर हिरवा, पुढे निळा, टोकाला गडद निळा. खाली लिहिलं होतं, 'सर्व ताण मर्यादेत.'

"हुक कुठे लटकतो?" तिने विचारलं.

"इथे, टोकाला."

"आणि हिशेबात भार कसा लावलाय? हं, 'टोकाजवळ एका बिंदूवर.'" तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अगं, मग इथला लाल ठिपका कुठे गेला?"

"कुठला ठिपका?"

"जो असायलाच हवा होता," आत्या म्हणाली. "हे चित्र कुणीतरी पुसलंय."

२

तिने मला जे समजावलं ते असं. कंप्युटर आख्ख्या वस्तूचा हिशेब एकदम करू शकत नाही. तो तिचे बारीक बारीक तुकडे पाडतो, जणू जाळी पसरतो. जाळीचे तुकडे जिथे एकमेकांना भेटतात त्या बिंदूंवर सगळं गणित चालतं. भारही अशाच एखाद्या बिंदूवर लावता येतो, आणि तो लावणं अगदी सोपं. म्हणून सगळे तेच करतात.

"आता ताण म्हणजे काय? जोर भागिले जागा," आत्या म्हणाली. तिने सोफ्यावरची उशी ओढली, आधी तळहाताने दाबली, मग बोटाने. बोट खोल गेलं. "जोर तोच, पण जागा कमी, म्हणून ताण जास्त. सुईला निदान टोक असतं. गणितातल्या बिंदूला तेवढीही जागा नाही. शून्याने भागल्यावर काय होणार?"

"काहीच्या काही."

"बरोबर. त्या बिंदूपाशी ताणाला अंतच नाही. जाळी जाड असेल तर कंप्युटर एक मोठा आकडा दाखवतो. बारीक केलीस तर त्याहून मोठा, आणखी बारीक केलीस तर आणखी मोठा. तो लाल ठिपका फुगतच राहतो. म्हणून जाणकार लोक म्हणतात, हा ठिपका खोटा, याच्याकडे लक्ष देऊ नका. आणि ते चूक नाही. तिथून जरा लांब गेलं की भार बिंदूवर लावला काय नि चकतीवर लावला काय, फरक पडत नाही. भिंतीजवळचा ताण तपासायचा असेल तर ठिपका झाकला तरी चालतो."

"मग बिघडलं कुठे?"

आत्याने उशी फेकली. "हात भिंतीजवळ तुटला का? माणूस ज्या जागेला लटकला होता, तीच जागा चित्रातून काढून टाकली आणि वर लिहिलं, सगळं मर्यादेत!"

समितीची परवानगी काढून आम्ही रुग्णालयाच्या सामानाच्या खोलीत गेलो. मोडका हात तिथे मोडक्या खुर्च्यांवर आडवा टाकलेला होता. भिंतीकडचं वेल्डिंग शाबूत. टोकाला मात्र नळीच्या खालच्या पत्र्याला मोठ्या नाण्याएवढं भगदाड. शेजारी हुकाचा बोल्ट. त्याच्या वरच्या टोकाला नट, नटाखाली वायसर, म्हणजे मधे भोक असलेली लोखंडी चकती, आणि वायसरला अजून चिकटून राहिलेला फाटक्या पत्र्याचा तुकडा.

आत्याने पत्र्याची जाडी मोजली, वायसरचा व्यास मोजला. मग भिंगातून ती भगदाडाची कड बघत राहिली.

"ये, बघ. कडेचा हा एवढा भाग काळपट आणि गुळगुळीत आहे. आणि हा शेवटचा थोडासा चकचकीत, खरबरीत. चकचकीत भाग त्या दिवशी फाटला. काळपट भाग त्याच्या कितीतरी आधीपासून, रोज केसाकेसाने फाटत होता. प्रत्येक वेळी माणूस उचलला की थोडा."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मावशी सुटली!"

मी तसं समितीला लेखी कळवलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. जुनी चीर त्यांनी एका दमात मान्य केली. आणि म्हटलं, दोष वेल्डिंग करणाऱ्याचा. त्यानेच भोक वेडंवाकडं पाडून पत्रा बिघडवला. पण मावशीने झोका दिला हेही खरंच.

एका मेलेल्या माणसासाठी आता दोन गरीब माणसं टांगायला काढली होती.

३

वेल्डिंगवाले काका आम्हाला बघून उठलेसुद्धा नाहीत. त्यांच्या शेडमध्ये ग्राइंडरचा कर्कश आवाज चालू होता. तो बंद करायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"तुम्हीपण मलाच धरायला आलात का?"

"भोक कसं पाडलंत ते विचारायला आले," आत्या म्हणाली.

"ड्रिलने पाडलं, दातांनी नाही." काकांनी हातमोजे काढून आपटले. "बाई, माझं वेल्डिंग तुटलंय का? एवढंच सांगा. तुटलं असेल तर मी स्वतः पोलिसात जातो."

"नाही तुटलेलं. मी पाहिलं."

तेव्हा कुठे काकांनी आमच्यासाठी एक बाकडं फडक्याने पुसलं. कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये जे होतं तेच त्यांनी केलं होतं. नळी त्या जाडीची, भोक त्या मापाचं, बोल्ट घालून आतून वायसर आणि नट. वायसरला चिकटलेल्या तुकड्यातलं ते भोक आम्ही पाहिलं होतं, आणि त्याची कड अगदी गोल होती. वेडंवाकडं काही नव्हतं.

"वायसर कुठला घालायचा, तेही ड्रॉइंगमध्ये होतं?" आत्याने विचारलं.

"नुसतं 'वायसर' असं. बाजारात मिळतो तो घातला. नंतर त्यांनीच मला विचारलं, केवढा घातलास म्हणून."

आत्याचा हात हवेतच थांबला. "कधी विचारलं? कुणी?"

"सगळे हात वॉर्डात लागल्यावर. कंपनीच्या ऑफिसातून माणूस आला, वायसरचा व्यास मोजून घेऊन गेला. कुणी पाठवलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता बदला म्हणून सांगतील. पण नंतर सगळीकडे चिडीचूप."

परत येताना आत्याने काकांचं बोलणं वहीत टिपून घेतलं.

"हिशेब जर बिंदूवर भार लावून केला होता," ती म्हणाली, "तर वायसर केवढा आहे याच्याशी कुणाला काय करायचं होतं? बिंदूला व्यास नसतो."

४

हिशेब जिने केला होता ती मुलगी कंपनीच्या फाटकाबाहेरच्या बाकावर भेटायला तयार झाली. आतमध्ये नको म्हणाली. तिच्या ऑफिसात तिला सगळे चष्मेवाली म्हणत. नुकतीच नोकरीला लागलेली, आणि बोलताना सारखी फाटकाकडे बघणारी.

"मॅडम, मला पोलीस धरतील का?" हा तिचा पहिला प्रश्न.

"आधी मला सांग, तू काय केलंस," आत्या म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

"नळीचं मॉडेल केलं. टोकाजवळ एका बिंदूवर भार लावला. लाल ठिपका आला. मी घाबरले, म्हणून जाळी बारीक केली. तर आकडा वाढला! आणखी बारीक केली, तर तो आणखी वाढला. मी साहेबांना जाऊन दाखवलं." साहेब म्हणजे कंपनीचे डिझाइनप्रमुख; अहवालावर त्यांचीच सही होती. "साहेब हसले. म्हणाले, कॉलेजात काही शिकवलं नाही का? हा ठिपका खोटा असतो. त्याच्या आसपासचे तुकडे चित्रातून लपव आणि अहवाल दे. मॅडम, तो ठिपका खोटाच होता ना?"

"तुझा ठिपका खोटाच होता," आत्या म्हणाली.

मुलीने पहिल्यांदा फाटकावरची नजर काढली. "पण मी त्यांना विचारलं होतं, सर, तिथे हुक नक्की कसा बसवलाय? तेवढी जागा वेगळी तपासूया का? तर म्हणाले, ते तुझं काम नाही. आणि दुसऱ्याच कामावर टाकलं मला."

"तुझ्या मॉडेलमध्ये वायसर होता?"

"नाही. वायसर आहे हेच मला ठाऊक नव्हतं."

"मग त्याचं माप आणायला तू कुणाला पाठवलं नाहीस."

"माप?" ती गोंधळून आम्हा दोघींकडे बघत राहिली.

ती आत गेल्यावर मी आत्याला म्हटलं, "खोटं तर बोलत नाही ना? लपवाछपवी हिनेच केलीय, हे तर तिनेच कबूल केलं. उद्या साहेब म्हणतील, मला काही दाखवलंच नाही, सगळं हिनेच केलं."

"म्हणतीलच." आत्या उठली. "म्हणूनच त्यांच्याकडे आत्ता जायचं. त्यांना विचार करायला वेळ मिळण्याआधी."

५

साहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं, थंड पाणी मागवलं आणि आत्याच्या वयाला शोभेल इतका आदर दाखवला. खोलीत भिंतभर चकचकीत यंत्रांची छायाचित्रं. सहज गप्पा मारायला आल्यासारखं त्यांचं बोलणं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण आपण काय करू शकतो? हाताखालची माणसं यंत्र नीट वापरत नाहीत. ती बाई अडाणी..."

"ती बाई शिकलेली आहे," मी म्हटलं. "आणि त्या पोलादी हातातून टक् टक् असा आवाज येतोय, अशी तक्रार तिने दोनदा केली होती. रुग्णालयाने तेल घातलं."

"तेच म्हणतो मी. देखभाल नाही." माझं बोलणं त्यांच्या अंगाला शिवलंच नव्हतं.

आत्याने पर्समधून अहवाल काढला. मी तिला इतक्या गोड आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, मी जुन्या जमान्यातली. आम्ही हाताने हिशेब करायचो. मला एवढंच कळत नाही, बिंदूवर भार लावला तर तिथे लाल ठिपका दिसायला हवा ना?"

"असतो की! तो लपवलाय." ते मोकळेपणाने हसले. "मॅडम, तो गणितातलं भूत असतो. खरा नसतो."

"पण कुणी खात्री केली का? ती मुलगी तर नवीन."

"मुलीवर कोण विसंबतंय?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून कागद बाहेर पडत नाही. मी स्वतः शहानिशा केली. जाळी दुप्पट बारीक केली, मग चौपट केली. ठिपक्याचा आकडा तसूभर हलला नाही. जिथल्या तिथे! मग मी निश्चिंत झालो."

आत्याने अहवाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. पाण्याला हातही न लावता ती उठली. "येते मी. फार मदत झाली."

जिना उतरताना ती इतक्या भरभर चालली की मला धावावं लागलं. "आत्या, अगं, अजून तर काही विचारलंच नाही आपण!"

"त्याने आत्ता कबुली दिली," ती दात ओठ खात म्हणाली. "तुला ऐकू नाही आली? ते नंतर. आधी सांग, बाकीचे हात कुठे आहेत?"

"बाकीचे? वॉर्डातच की. मोडलेला तेवढा काढलाय. बाकी..." माझी जीभ अडखळली. "बाकी चालू आहेत."

६

आम्ही वॉर्डात शिरलो तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवरची एक बाई झोळीत बसून हवेत होती. मोटर घरघरत होती. वर जाता जाता ती शेजारणीशी काहीतरी बोलून हसत होती.

"खाली घ्या!" आत्या ओरडली. आख्खा वॉर्ड दचकला. "हळू. धक्का न देता. खाली घ्या तिला!"

मोटर उलटी फिरली. ती बाई गादीवर टेकली. आत्याने पलंगाखालची पायरी ओढली, तिच्यावर चढली आणि मोबाइलचा उजेड हाताच्या खालच्या बाजूवर धरला. हुकाभोवती पांढऱ्या रंगात केसाएवढी रेघ होती. चंद्रकोरीसारखी वळलेली, आतल्या वायसरच्या कडेकडेने.

रुग्णालयाच्या अधीक्षकांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी मान वर करून पाहिलं.

"रंग उडालाय," ते म्हणाले.

"पत्रा फाटतोय," आत्या म्हणाली. "सगळे हात आत्ताच्या आत्ता बंद करा."

"बाई, चौकशी चालू असताना मी असा निर्णय घेऊ शकत नाही. कंपनीचा अहवाल आहे. सगळं मर्यादेत म्हटलंय त्यात."

"अहवाल वाचून पत्रा फाटायचा थांबतो का?"

"आवाज खाली ठेवा. रुग्ण आहेत इथे."

"रुग्ण आहेत म्हणूनच ओरडतेय!"

ते पाठ फिरवून निघून गेले. खरंच गेले. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तोवर वॉर्डाच्या सिस्टरने टेबलावरची किल्ली उचलली, भिंतीवरची पेटी उघडली आणि मोटरांचा वीजपुरवठा तोडला. मग किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

"आजपासून आम्ही हाताने उचलू," ती म्हणाली. "माझी नोकरी गेली तर तुम्ही आहातच, वकीलबाई."

त्या संध्याकाळी आत्याने स्वतःच्या कंप्युटरवर तोच हात पुन्हा उभा केला. मोजलेली जाडी, मोजलेला वायसर. फक्त भार बिंदूवर न लावता वायसरच्या चकतीवर पसरला, जसा तो प्रत्यक्षात होता. चकतीच्या कडेने लाल कडं उमटलं. तिने जाळी बारीक केली. आणखी बारीक केली. मी तिच्या खांद्यावरून आकडे बघत होते, आणि साहेबांचं वाक्य माझ्या डोक्यात लख्ख उजळलं.

"अरे देवा," मी म्हटलं. "हा हलत नाहीये."

७

समितीपुढे सगळे होते. मधोमध अधीक्षक, बाजूला बाहेरून आलेले दोन सदस्य. एका रांगेत साहेब आणि कंपनीचे वकील, मागे चष्मेवाली. दुसऱ्या रांगेत मावशी, वेल्डिंगवाले काका, सिस्टर. आणि अगदी कोपऱ्यात आजोबांची मुलगी. ती कुणाकडेच बघत नव्हती.

मी साहेबांना प्रश्न विचारायला उठले. आत्याने मला बजावलं होतं, वाकडं काही विचारू नकोस, त्यांना मोठेपणा मिरवू दे. मी तसंच केलं. अहवालातला ठिपका तुम्ही स्वतः तपासलात का? हो, स्वतः. जाळी बारीक करून? अर्थातच, दुप्पट आणि चौपट. आणि आकडा?

"तसूभर हलला नाही," साहेब समितीकडे वळून म्हणाले. "लिहून घ्या."

"लिहून घेतलंय," मी म्हटलं, आणि आत्याला तज्ज्ञ म्हणून बोलू देण्याची विनंती केली.

आत्या उभी राहिली. उशीऐवजी या वेळी तिने टेबलावरची फाइल बोटाने दाबून दाखवली. बिंदू, चकती, जागा, ताण. बाहेरून आलेले सदस्य पुढे झुकून ऐकू लागले.

"खोट्या ठिपक्याची खूण एकच," ती म्हणाली. "जाळी बारीक केली की तो वाढतो. या मुलीने केलेल्या मॉडेलमध्ये तो वाढत होता. अगं, उठ, सांग."

चष्मेवाली उठली. आवाज स्पष्ट होता. "वाढत होता. दर वेळी. मी सरांना दाखवला होता."

"साहेब म्हणतात, त्यांनी पाहिला तो हलला नाही. दोघंही खरं बोलतायत. म्हणजे साहेबांनी पाहिलेलं मॉडेल हिचं नव्हतं. ज्याचा आकडा हलत नाही तो ठिपका भूत नाही, तो खरा ताण आहे. आणि खरा ताण दिसायला बिंदूच्या जागी खरी चकती ठेवावी लागते. तिचा व्यास ठाऊक असावा लागतो." ती काकांकडे वळली. "तो व्यास मोजून न्यायला माणूस आला होता. हात लागल्यानंतर."

"आला होता," काका बसल्या जागेवरून गरजले.

"मी चुकून बोललो असेन," साहेब म्हणाले. चेहऱ्यावरचं तेज उतरलं होतं. "त्या मुलीच्याच मॉडेलबद्दल मी..."

"मग तो वाढला की हलला नाही, ते आता ठरवून सांगा," आत्या म्हणाली. "वाढला म्हणालात, तर तुम्ही खात्री केलीच नाहीत. हलला नाही म्हणालात, तर तुम्हाला खरा ताण ठाऊक होता. मीही तोच हिशेब केलाय. रोज माणसं उचलणाऱ्या पोलादाने जेवढं सोसावं त्याच्या वर येतो आकडा. आतून एक जाड पट्टी टाकली असती तर निम्म्यावर आला असता. तुम्हाला हेही दिसलं असणार."

साहेबांच्या वकिलांनी त्यांच्या बाहीला हात लावला. पण साहेबांना आता गप्प बसवेना. "पट्टी टाकायला सगळे हात उतरवावे लागले असते! सगळे लागून गेले होते. फिती कापून झाल्या होत्या. लोक काय म्हणाले असते? आणि आकडा मर्यादेच्या थोडासाच वर होता. अगदी थोडासा!"

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. आजोबांची मुलगी उठून त्यांच्या टेबलापर्यंत चालत आली.

"थोडासा म्हणजे किती?" तिने विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली.

"नाही, सांगा ना. मला समजून घ्यायचंय. माझ्या बाबांना पुरला तेवढा. तो किती होता?"

ती तशीच उभी राहिली, आणि कुणाची तिला बस म्हणायची हिंमत झाली नाही. अखेर मावशीने उठून तिला आपल्या शेजारी आणून बसवलं.

अधीक्षकांनी घसा साफ केला. पोलिसांना कळवावं लागेल, सगळे हात उतरवावे लागतील, असं बरंच काही ते पुटपुटले. त्यांना सगळ्यात जास्त घाई हे प्रकरण आपल्या टेबलावरून उठवायची होती. मग मावशीकडे बघून त्यांनी चेहऱ्यावर हसू आणलं.

"मावशी, झालं ते झालं. तुम्ही उद्यापासून कामावर या. सहानुभूतीपूर्वक विचार करून तुम्हाला परत घेतोय आम्ही."

मावशी जागची उठली. तिने पदर नीट केला. मी तिला इतक्या दिवसांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही तिने तो चढवला नाही.

"अधीक्षकसाहेब, ते झालं नाही. ते केलंय. यांनी केलं, आणि मी तक्रार घेऊन आले तेव्हा तुम्ही तेलाचा डबा पाठवलात. सहानुभूती तुमच्याकडेच ठेवा. माझी चूक नव्हती, असं लिहून द्या. नाहीतर मी येत नाही."

अधीक्षकांनी सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी त्यांच्याकडे अजिबात पाहिलं नाही. कागद नव्याने लिहिला गेला. तिच्या तक्रारीकडे रुग्णालयाने दुर्लक्ष केल्याचं वाक्य आत घालायला मी अर्धा तास भांडले, आणि ते घालूनच उठले. मावशीने तो कागद सावकाश, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचला. मग आजोबांच्या मुलीला दिला. तिनेही वाचला. दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाली, "मावशी, उद्या आलीस तरी चालेल गं."

"उद्या कशाला?" मावशी म्हणाली. "हाताने उचलताय ना सगळ्यांना? माणसं कमी पडत असतील." आणि ती व्हरांड्यातून वॉर्डाकडे वळली.